आमच्या टिपरचं ‘मूळ रूप’

पुण्यात आज मर्सिडीज म्हटलं, की काळ्या काचा वर करून शेजारून आवाज न करता निघून जाणारी मोटार डोळ्यांपुढे येते. आमच्या लहानपणी येरवड्याला मर्सिडीज म्हणजे मुरूम टाकायची गाडी. समोरच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी, नावात टाटा आणि मर्सिडीज-बेंझ दोन्ही, आणि मागे ठणठण वाजणारा लोखंडी हौदा. पाचवीत असताना ‘माझे घर’ या निबंधात मी ‘आमच्याकडे एक मर्सिडीज आहे’ असं लिहिलं होतं. बाईंनी ते वाक्य खोडून समासात ‘खरे लिहावे’ असा शेरा मारला. वडिलांना, म्हणजे अण्णांना, तो शेरा इतका आवडला, की पुढे कित्येक वर्षं डिझेल भरायला निघताना ते आईला सांगत, “खोटी गाडी घेऊन जातो गं, तासाभरात येतो.”

गाडी मात्र खरी होती. टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ साली पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ मध्ये करार संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचं ‘टी’ अक्षर आलं. आमची गाडी १९६७ ची, चांदणीवाल्यांतल्या शेवटच्या खेपेतली म्हणायला हरकत नाही. अण्णांनी ती १९७१ मध्ये जुनीच घेतली. बँकांचं राष्ट्रीयीकरण होऊन दोन वर्षं झाली होती आणि ड्रायव्हर माणसालाही बँकेच्या पायऱ्या चढायची हिंमत होऊ लागली होती. थोडं कर्ज, थोड्या आईच्या पाटल्या.

त्याआधी अण्णा एका कंत्राटदाराकडे पगारी ड्रायव्हर होते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतरचे काही आठवडे अण्णा घराघरांतला गाळ वाहून नेत होते. “लोकांची घरं गेली आणि आमचा ओव्हरटाइम वाढला,” असं ते सांगत, पण सांगताना मान खाली असे. पुढे पानशेतचं धरण पुन्हा बांधलं, १९७२ मध्ये ते पुरं झालं, त्या कामाच्या शेवटच्या हंगामात आमची स्वतःची गाडी होती. मग कोथरूडच्या सोसायट्या, नगर रस्त्याची रुंदी, आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला संकुल उभं राहत होतं तेव्हा तिथलं भरावाचं काम. आज शहरात कुठेही गेले, की इथे खाली आपला थोडा मुरूम आहे असं मनात येतं. हा मुरूम कुठल्या तरी टेकडीतूनच आला होता, हेही आता मनात येतं. तेव्हा येत नसे.

१९९८ ला गाडीचं पासिंग संपलं. नव्यानं करून घ्यायला अण्णांकडे पैसा नव्हता आणि अंगात पूर्वीचा जोर नव्हता. वाघोलीला खाणीजवळ एका ओळखीच्या माणसाच्या जागेत, कडुलिंबाखाली गाडी उभी केली ती केलीच. अण्णा २०१७ मध्ये गेले. जागेच्या मालकानं पुढच्या वर्षी निरोप पाठवला, की जागा रिकामी करा.

दादाचं म्हणणं सरळ होतं. भंगारवाला वजनावर घेतो, गॅस कटरनं दोन दिवसांत तुकडे होतात, आलेले पैसे आईच्या नावानं ठेवू. त्यात चूक काही नव्हतं. एक गृहस्थ तर फक्त समोरच्या चांदणीसाठी आले होते, बाकी गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्या मूठभर तुकड्याचे त्यांनी सांगितलेले पैसे ऐकून मी चकित झाले. मी बँकेत आयुष्यभर हिशेब तपासले. तोट्याचा व्यवहार मला लांबून कळतो. तरी मी म्हणाले, “गाडी मी घेते.” आई म्हणाली, “घेऊन करणार काय?” याला उत्तर नव्हतं. तीन-चार महिन्यांत उभी करू, असं वाटलं होतं. सहा वर्षं लागली, त्यातलं दीड वर्ष टाळेबंदीनं खाल्लं.

वाघोलीतच एक मिस्त्री भेटले. जड गाड्यांची कामं करणारे, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चेसिसवर हातोडीनं ठिकठिकाणी वाजवून पाहिलं आणि विचारलं, “ताई, कुठल्या सालची करायची?”

मला प्रश्नच कळला नाही. गाडी १९६७ ची आहे, तेव्हा १९६७ ची करायची. ते हसले. “सदुसष्ट सालची करायची तर मागं काहीच लावता येणार नाही.”

त्यांनी मग जे समजावलं ते मोटारींच्या शौकिनांना ठाऊक असेल, मला नव्हतं. जुनी मोटार दुरुस्त करणाऱ्याला एक सोय असते. ती कारखान्यातून जशी बाहेर पडली, तशी परत करायची. रंग कुठला, शिवण कुठली, बटण कुठलं, सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं असतं. मालमोटारीचं तसं नाही. कारखान्यातून यायची ती चेसिस. दोन लांब लोखंडी तुळया, त्यांवर इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, आणि समोर बॉनेटचा तोंडवळा. ड्रायव्हरची खोलीसुद्धा नसे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर अशा उघड्या चेसिस पळताना तुम्ही पाहिल्या असतील, लाकडी फळकुटावर बसलेला, तोंडाला फडकं गुंडाळलेला ड्रायव्हर आणि मागे नुसता सांगाडा. केबिन, हौदा, टिपिंगचा जॅक हे सगळं गाडी घेणाऱ्यानं गावातल्या कारागिराकडून करून घ्यायचं. म्हणजे आमच्या गाडीचं जे रूप मला पाठ होतं, ते जमशेदपूरचं नव्हतंच, जर्मनीचं तर नव्हतंच. ते पुण्यातल्या सुतार-लोहारांचं होतं, आणि त्यांनी कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

आता हे चित्र बदललंय. केबिनसाठी सरकारी मानकं आली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात त्या इंजिनाशेजारी बसून पायाच्या नडग्या भाजून घेतलेल्या अण्णांना हे सांगायला हवं होतं.

आमची केबिन उकलली तेव्हा पहिला धक्का बसला. बाहेरून पत्रा, आत सगळी सागवानी चौकट. वाळवीनं उजवा खांब खाल्ला होता, बाकी लाकूड रंध्याखाली सोन्यासारखं निघालं. चौकटीचे सांधे खिळ्यांचे नव्हते, खाच आणि खुंटी. हे काम करायला मिस्त्रींनी एका म्हाताऱ्या सुतारांना आणलं, तर ते सांध्यावर बोट ठेवून म्हणाले, “हा बैलगाडीवाला होता.” ज्या कोणा माणसानं ही केबिन बांधली, तो मुळात बैलगाड्या करणारा. खड्ड्यात चाक गेलं, की चौकट कडकड करते पण उसवत नाही, कारण सांध्याला थोडी हालचाल ठेवलेली असते, हे त्यांनी मला हातानं हलवून दाखवलं. लोखंडी पट्टी मारून हे काम एका दिवसात झालं असतं. सुतारांनी बारा दिवस लावले. बिल पाहून दादानं फोन केला, मी उचलला नाही.

इंजिनाची गोष्ट वेगळी. ते १९६७ चं नव्हतंच. अण्णांनी १९८० च्या सुमारास जुनं इंजिन काढून टेल्कोचं ६९२ बसवलं होतं. हे आकडे मला लहानपणापासून गाडीच्या नंबरासारखे पाठ होते, अर्थ मात्र मिस्त्रींनी सांगितला. सहा म्हणजे सहा सिलिंडर, ब्याण्णव म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पुढचं इंजिन ६९७, तेही तसंच. गाड्यांच्या नावांतही हेच, १६१२ म्हणजे साधारण सोळा टनांची आणि एकशेवीस अश्वशक्तीच्या आसपासची. नावातच हिशेब सांगून टाकायची ही रीत माझ्यासारख्या बँकवालीला फार पटली.

वीस वर्षं उभं राहिलेलं इंजिन जाम झालेलं असतं. मिस्त्रींनी घाई केली नाही. नोझल काढून सहाही सिलिंडरांत तेल सोडलं आणि आठवडाभर नुसतं राहू दिलं. मग लांब पान्यानं क्रँक थोडा पुढे, थोडा मागे. नवव्या दिवशी तो सुटला. डिझेलचा पंप मायकोचा, जी कंपनी २००८ पासून बॉश नावानं ओळखली जाते, तो टेस्ट बेंचवर लावून आणला. लाइनर-पिस्टन नवे घातले. फ्लायव्हीलची दातेरी रिंग झिजली होती, ती बदलताना मात्र मी मुद्दाम जाऊन उभी राहिले. रिंग तापवून लाल व्हायच्या आत फ्लायव्हीलवर चढवतात आणि गार होताना ती आवळून बसते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात ती हीच रीत. सुतारही बघायला आले होते. ते म्हणाले, “आमचंच काम हे, फक्त शेण नि पाला लावलेला नाही.”

सामान जमवणं हे माझं खातं. दर रविवारी सकाळी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात जायचं. बाजार बुधवारीही असतो, पण रविवारी गर्दीत एखादी बाई लोखंडाच्या ढिगाशी उकिडवी बसलेली फारशी कुणाच्या नजरेत येत नाही. तिथे मला डॅशबोर्डचा तेलाच्या दाबाचा काटा मिळाला आणि दाराची एक मूठ. जड सामान मात्र चिखलीच्या कुदळवाडीत. मैलभर पत्र्याच्या शेडी आणि त्यांत शहरानं टाकून दिलेलं सगळं, जातीनं वेगळं करून ठेवलेलं. एका शेडमध्ये नुसती डिफ्रन्शियलची हाउसिंगं. पुढच्या ॲक्सलची किंगपिन हवी म्हटल्यावर तिथल्या पोरानं साल विचारलं आणि ढिगाकडे न बघता आत जाऊन हातात आणून दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं कुदळवाडी-चिखली भागातली ही हजारो बांधकामं अनधिकृत म्हणून पाडली. तिथे आगी लागत, धुरानं आजूबाजूचे लोक हैराण होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे जे झालं ते अन्याय म्हणून मी रडणार नाही. पण आमचं काम दोन वर्षं उशिरा सुरू झालं असतं, तर ही गाडी उभी राहिली नसती. आणि साल ऐकून किंगपिन आणणारा तो पोरगा आता कुठे काम करतो, मला माहीत नाही.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. हौद्याशी आल्यावर थांबलं.

आपल्याकडे मुरूम, खडी, वाळू ब्रासनं मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजनात खडी साधारण साडेचार टन. आमचा हौदा अकरा फूट लांब, सात फूट रुंद, दोन फूट उंच. गुणाकार केला तर दीडशेच्या थोडं वर, म्हणजे दीड ब्रास, म्हणजे पावणेसात टन. आरसी बुकात सात टनांच्या आतबाहेर माल बसतो. चोख हिशेब. अण्णा नेहमी सांगत, “मी कधी गाडीच्या पाठीवर जास्त टाकलं नाही, म्हणून ती टिकली.” हे वाक्य आमच्या घरात सुभाषितासारखं होतं. दादानं ते स्वतःच्या मुलांना सांगितलंय.

रंग खरवडताना मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, “ताई, वरची पट्टी नंतरची आहे.” हौद्याच्या तिन्ही बाजूंना आणि मागच्या फाळक्याला आठ इंच उंचीची पट्टी वेल्ड केलेली होती. इतकी सफाईनं, की पन्नास वर्षं आम्हाला ती दिसली नाही. आठ इंच म्हणजे अकरा गुणिले सातच्या क्षेत्रावर आणखी पन्नास घनफूट. दीडाचे दोन ब्रास. पावणेसातचे नऊ टन.

मी घरी येऊन ट्रंकेतून खेपांच्या वह्या काढल्या. अण्णा रोज लिहीत, तारीख, ठिकाण, खेपा, डिझेल. १९७३ च्या दिवाळीपर्यंत प्रत्येक खेपेपुढे ‘१।।’ आहे. त्यानंतर ‘२’. सलग, वीस वर्षं. मग मागचे पाटे मोजले. कमानीत तीन पाटे जास्तीचे घातलेले. मग चेसिस धुतली, तर उजव्या तुळईला, मागच्या चाकांच्या जरा पुढे, हातभर लांबीची पट्टी बसवून तडा सांधलेला. गाडीची पाठ खरोखरच मोडली होती. ती जोडून पुन्हा तेवढाच माल टाकला होता.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ती पट्टी कापून टाक. तसाही हौदा मुळात दोन फुटांचाच होता ना? मूळ रूपात आण म्हणजे झालं.” मला राग आला, आणि राग येण्याचं कारण हे, की माझ्याही मनात अगदी तेच आलं होतं. कापायचं, घासायचं, वरून रंग मारायचा. कुणाला कळणार नाही. वह्या ट्रंकेत परत.

त्या काळात सगळेच जास्त भरत, हे खरं. कंत्राटदार दर ब्रासमागे पैसे देई, डिझेल आणि हप्ता मात्र खेपेमागे जाई. १९७३ च्या आखाती तेलसंकटानंतर डिझेलचा भाव कसा चढत गेला ते त्याच वहीत दिसतं. हिशेब तपासणारी म्हणून मी अण्णांना सोडू शकते. पण मग त्यांनी ते वाक्य म्हणायला नको होतं.

याच सुमारास तात्या आले. तात्या अण्णांचे क्लीनर, आमच्या गाडीवर पोरसवदा वयात लागले आणि पुढे स्वतः ड्रायव्हर झाले. आता सत्तरीचे, वाघोलीलाच मुलाकडे असतात. गाडी उभी राहतेय हे ऐकून रिक्षानं आले. हौदा पाहिला, केबिनला हात लावला, मग वाकून चेसिसखाली बघितलं आणि ताठ झाले. “टेकू कुठंय?”

कुणालाच कळेना. हौद्याच्या खाली, चेसिसला बिजागरीनं लावलेला एक ओबडधोबड जाड पाइप होता, दोन्ही टोकांना कसलेसे चिमटे. कशाचाच भाग वाटेना, म्हणून आमच्या वेल्डरनं तो महिन्यापूर्वी कापून भंगारात फेकला होता. मीच होकार दिला होता.

टिपरचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. गिअरबॉक्सच्या बाजूला पीटीओ नावाचा भाग असतो, तो इंजिनाची ताकद घेऊन तेलाचा पंप फिरवतो. दाबाखालचं तेल जॅकमध्ये शिरतं, जॅक जुन्या दुर्बिणीसारखा एकातून एक निघत लांब होतो आणि हौदा पुढून उचलला जातो. तो वर तोलून धरतं ते फक्त तेल. कॉक उघडला, पाइप फुटला किंवा सील गेलं, की टनभराहून जड लोखंड खाली येतं. म्हणून उचललेल्या हौद्याखाली टेकू दिल्याशिवाय जायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. आज बऱ्याच टिपरांना तो टेकू बनवतानाच लावलेला असतो. आता कुठल्याही मोठ्या टिपरला लोक ‘हायवा’ म्हणतात, ते खरं तर हे जॅक बनवणाऱ्या नेदरलँड्समधल्या कंपनीचं नाव. १९७६ मध्ये आमच्या गाडीला टेकू नव्हता.

त्या मे महिन्यात रिकामा हौदा वर करून तात्या खाली बिजागरीला ग्रीस भरत होते. तेलाचा पाइप फुटला. अंग बाहेर निघालं, डावा हात राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तात्यांची दोन बोटं नाहीत हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण आम्हाला सांगितलं होतं की ती ‘मशीनमध्ये’ गेली. कुठलं मशीन, हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्या रात्री मी वही उघडली. तो दिवस सापडला. ‘खेपा ३. दुपारनंतर गाडी बंद.’ एवढंच. पुढच्या आठवड्यात ‘दवाखाना ४०’ आणि महिन्याअखेर तात्यांचा पूर्ण पगार. त्यानंतर ‘टेकू, वेल्डिंग ६५’. भरपाई म्हणून काही दिल्याची नोंद त्या वहीत नाही, पुढच्याही वह्यांत नाही.

मी तात्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, “अण्णांनी मला काढलं नाही. दुसऱ्या कुणी काढलं असतं. दोन वर्षांनी लायसन काढून दिलं, फी त्यांनीच भरली. गाडी शिकवली.” मी म्हटलं, “पण पैसे?” ते गप्प राहिले. मग म्हणाले, “ताई, तेव्हा मागायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि द्यायचे असतात हे त्यांना ठाऊक असेलही. आता कुणाला विचारता?” हे बोलताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, पण क्षमाही नव्हती. मला त्यांच्या तोंडून क्षमा ऐकायची होती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

टेकू भंगाराच्या ढिगात सापडला, नशीब की तो उचलून नेलेला नव्हता. वेल्डरनं होता तसाच परत लावला, सफाई न करता. आठ इंचांची पट्टीही ठेवली. चेसिसवरचा सांधा घासून झाकला नाही. पाट्यांबद्दल मात्र मी मिस्त्रींचं ऐकलं. रिकाम्या गाडीला ते तीन जास्तीचे पाटे नुसते आदळतात, म्हणून काढले, पण विकले नाहीत. दादा या सगळ्यावर नाराज आहे. त्याचं म्हणणं, गाडी ठेवायची तर अण्णांची आठवण म्हणून ठेवायची, पंचनामा म्हणून नाही. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीनं म्हणाल, तर आमची गाडी कुठेच बसत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, रोजच्या वापराला नाही पण प्रदर्शनाला, रॅलीला ती रस्त्यावर नेता येते. वाचून मी हरखले होते. पण नियम खासगी वापराच्या दुचाकी नि चारचाकींसाठी आहेत, आणि आमची मालवाहू, सहा टायरी. शिवाय अट अशी, की वाहन मूळ रूपात हवं, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. सांधलेली चेसिस, वाढवलेला हौदा, बदललेलं इंजिन. तिन्ही खात्यांत आम्ही नापास. संस्थानिकांच्या मोटारी मूळ रूपात राहिल्या, कारण त्यांना पोट भरायचं नव्हतं. ज्या गाड्यांनी धरणं, रस्ते, शहरं बांधली, त्यांना मूळ रूप राखणं परवडलंच नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण नियम करणाऱ्यांनी एकदा एखाद्या टिपरखाली वाकून बघायला हरकत नाही.

रंगवायची वेळ आली तेव्हा पेंटरनं विचारलं, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं का? राज्य सरकारनं २०१५ मध्ये ते लिहायला बंदी केली. पण गाडी रस्त्यावर जाणारच नाही, तर बंदी लागू कशी? बराच खल झाला. शेवटी लिहिलं. फाळक्यावर पूर्वी ‘आईचा आशीर्वाद’ होतं तेही लिहिलं, आई एकदा रिक्षानं येऊन बघून गेली आणि म्हणाली, “माझ्या पाटल्या लिहा म्हणावं.” नंबराची पाटी जुनीच ठेवली, एमएच-१२ येण्यापूर्वीची, तीन अक्षरांची. चांदणी जागच्या जागी आहे.

गेल्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, हौदा पहिल्यांदा उचलायचा ठरला. जॅकचा दांडा भोसरीतून नवं क्रोम करून आणला होता, तेल नवं, पाइप नवे. इंजिन दुसऱ्या सेल्फला लागलं. धूर निघाला, तोही आधी पांढरा, मग निळसर, मग दिसेनासा. मिस्त्रींनी पीटीओ टाकला आणि कॉक ओढला. काही क्षण नुसता पंपाचा आवाज. मग हौद्याच्या पुढच्या कडेखाली बोटभर उजेड दिसला. वीतभर झाला. हौदा कुरकुरत वर गेला आणि पंचेचाळीस अंशांच्या आसपास थांबला. खाणीतल्या शाळेची पोरं कुंपणापाशी जमली होती, ती ओरडली. दादा आला होता. तो लांब उभा होता, हाताची घडी घालून.

मिस्त्री जॅक तपासायला खाली वाकणार, तोच तात्यांनी त्यांचा खांदा धरून मागे ओढलं. ते स्वतः पुढे झाले, चेसिसवरून टेकू फिरवून उभा केला, डाव्या हाताच्या तीन बोटांनी चिमटा हौद्याच्या कडेला बसवला, उजव्या हातानं खीळ ठोकली, दोनदा हलवून पाहिला. मग बाजूला सरले.

“आता बघा, काय बघायचं ते.”

तिसऱ्या सीलमधून तेल झिरपत होतं. मिस्त्री म्हणाले, उद्या परत खोलावं लागेल.